मागच्या झाकणावरची खूण

८ जानेवारी

ताई,

नमस्कार घ्या किंवा नका घेऊ, मी केलेला आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र न फोडताच केराच्या डब्यात टाकलं असेल, तर एवढा वेळ मी स्वतःशीच बोलतेय असं समजू. तीही सवय झालीय आता.

आधी एक खुलासा, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. तुमच्या धाकट्या बंधुराजांनी माझ्यापासून लांब राहावं, दुकानात पाऊल टाकू नये, फोन करू नये, लिहू नये, दुसऱ्या कोणाकरवी निरोपही धाडू नये, असा कोर्टाचा मनाई हुकूम आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावरूनच तर तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत. पण हुकूम त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही. मी वकीलबाईंना विचारलं, नणंदेला पत्र लिहिलं तर चालेल का? तोंडातली पेपरमिंटची गोळी या गालातून त्या गालात नेत त्या म्हणाल्या, "खुशाल लिहा. फक्त नवऱ्यासाठी त्यात निरोप घालू नका." तेव्हा या पत्रात त्यांच्यासाठी एक अक्षर नाही. सगळं तुमच्यासाठी.

काल आमच्या घटस्फोटाच्या कराराची बैठक झाली. हुकुमामुळे आम्हाला समोरासमोर बसवता येत नाही. म्हणून बंधुराज वरच्या मजल्यावर, मी खाली, आणि मधल्या जिन्यात मध्यस्थ. मध्यस्थ म्हणजे एक निवृत्त गृहस्थ, स्वभावाने लोणी, पण गुडघ्यांनी पार कामातून गेलेले. वरून प्रश्न यायचा, पडदे कोणाचे? गृहस्थ धापा टाकत खाली. मी म्हणायचे, त्यांचेच. गृहस्थ कठड्याला धरून वर. मग परत खाली, पडद्यांच्या दांड्यांचं काय? शेवटी मलाच दया आली. म्हटलं, अहो, चार-पाच प्रश्न साठवून आणत जा की. तर म्हणाले, "बाई, जिना उतरेपर्यंत पहिला विसरतो."

तरी बरंच मार्गी लागलं. मूल नाही, त्यामुळे निम्मे कागद वाचले असं वकीलबाई म्हणतात. घर त्यांच्याकडे, दुकान माझ्याकडे. त्यांनी पुलापलीकडच्या बाजारात आपला घड्याळदुरुस्तीचा गाळा टाकलाच आहे. गाडी अडली ती तुमच्या बाबांच्या माघारी राहिलेल्या हत्यारांवर. बंधुराजांनी एका कागदावर आपली खूण काढून, खाली सही करून वर लिहून दिलं की ज्यावर ही खूण आहे ते माझं. गळासारखा आकडा आणि त्यात टिंब. ठीक आहे, मोठ्या हत्यारांचा प्रश्न मिटला. पण चिमटे, पेचकस, सुया, भिंगं? त्यांच्यावर खूण करायला जागा कुठे असते? मध्यस्थांच्या यादीत त्या सगळ्याची नोंद "चिमटे वगैरे, लहान, बरेच" अशी आहे.

मग वरून निरोप आला की कोणतं हत्यार कोणाचं हे फक्त मलाच कळतं, मला एक दुपार दुकानात बसू द्या, तिने हुकूम मागे घ्यावा, मी सगळ्यावर सही करतो. मी म्हटलं, नाही. वरून आलं, मग माझी बहीण वाटणी करेल, तिच्याशिवाय कोणाची मानणार नाही. ताई, तुम्ही येणार नाही हे गृहीत धरूनच ते बोलले, मला चांगलं कळतंय. पण मध्यस्थ वळायच्या आत मी म्हणाले, मला मान्य आहे.

तर याल का? एकच दुपार. मला यातून सुटका हवी, बाबांचं दुकान हवं आणि तो हुकूम जसाच्या तसा हवा. हत्यारांची वाटणी अडून राहिली की सगळंच अडतं, आणि जोवर अडतंय तोवर बंधुराजांना दुकानात यायचं निमित्त शिल्लक राहतं.

तुमची (कागदोपत्री अजून) भावजय,
चिमटी


२७ जानेवारी

ताई,

पत्र पोचलं. तीनच ओळी आहेत, पण माझ्याकडे साठवलेल्या आहेत: "माझ्या भावाच्या मागे कोर्ट लावलंस. आता हत्यारं कशी वाटायची ते तुझं तू बघ. मला त्या दुकानात पाऊल टाकायचं नाही." एवढा राग, आणि तरीही सहीशेजारी नेहमीसारखी चिमणी काढायला विसरला नाहीत. चोच जरा जास्तच टोकदार झालीय, तो राग असावा.

पहिल्या दोन ओळी माझ्यासाठी होत्या, त्या मी मुकाट्याने घेतल्या. तिसरी मात्र माझ्यासाठी वाटत नाही. दुकानावरचा तुमचा राग माझ्याहून जुना आहे. बाबाच एकदा सांगत होते, की तुम्ही लहानपणी कामाच्या टेबलावर हनुवटी टेकून तासन्‌तास बघत उभ्या राहायच्या, आणि ते तुम्हाला "जा, अभ्यास कर" म्हणून आत पिटाळायचे. मुलाला शिकवलं. आणि मग मी सून म्हणून आले, तर मला शेजारी बसवून हातात चिमटा दिला आणि वर नावही चिमटी ठेवलं. तुमच्या जागी मी असते ना, तर मी तीन ओळीसुद्धा लिहिल्या नसत्या.

इथे माझं मस्त चाललंय. म्हणजे माझी आई सोडून. आई रोज फोनवर म्हणते, "अगं, एवढा म्हणतोय तर घे ना हुकूम मागे, लगेच सही करतोय, मिटवून टाक." तिला मी वकीलबाईंनी समजावलं तसं समजावलं. करार आम्हा दोघांचा, त्यात घासाघीस चालते. हुकूम न्यायाधीशांचा, तो पडद्यांच्या दांड्यांबरोबर तोलायचा नसतो. उद्या मीच त्यांना चहाला बोलावलं आणि ते आले, तरी हुकूम मोडला म्हणून तेच अडकतील. आई म्हणाली, "मग चहाला बोलावू नकोस." एवढं तरी पटलं तिला. एकेक पायरी चढतेय, मध्यस्थांसारखी.

शेजारचे औषधवाले काका दुकान उघडताना आणि बंद करताना दारात उभे राहतात. नुसते उभे राहून कान खाजवतात. परवा म्हटलं, काका, आता नाही उभे राहिलात तरी चालेल. तर म्हणाले, "मी हवा खायला उभा आहे." खाऊ देत बापडे हवा.

परवा एक गंमत झाली. सांगू की नको, कळत नाही. बँकेतला एक कारकून खिशातलं जुनं घड्याळ घेऊन आला. म्हणाला, पुलापलीकडच्या गाळेवाल्यांनी फुकट साफ करून दिलं, पण काटे बसवायला याच दुकानात न्या म्हणाले. मी मागचं झाकण उघडलं. आपल्या धंद्याची रीत तुम्हाला काय सांगायची, ज्याने घड्याळ उघडलं त्याने झाकणाच्या आत सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची. शिकाऊ माणसाने केलेलं काम असेल, तर ते तपासून उस्तादाने खाली आपली खूण करायची, म्हणजे काम पास. माझ्या पहिल्या घड्याळात माझ्या दोन रेघांच्या चिमट्याखाली बाबांचा त्रिकोण आहे. तो बघून मी त्या दिवशी जेवायची विसरले होते.

तर या झाकणात बारीक अक्षरांत कोरलं होतं: "तुझ्यावाचून हात चालत नाही." खाली आकडा आणि टिंब. त्याखाली तारीख.

मी काटे बसवले, झाकण लावलं, घड्याळ देऊन टाकलं. वकीलबाईंना सांगितलं नाही. का ते विचारू नका, माझं मलाच नीट सांगता येणार नाही.

उत्तर आलं नाही तरी मी लिहिणार. तिकिटं आणून ठेवलीत.

चिमटी


१८ फेब्रुवारी

ताई,

या वेळी एकच ओळ आली. "त्याने नेमकं काय केलं ते लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल."

लिहिते. एकदाच लिहिते, मग पुन्हा नाही.

गेल्या वर्षी शाळेचं टेबलावरचं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं. त्याने दोनदा उघडूनही दोष सापडला नव्हता. शाळेचे लोक न्यायला आले तेव्हा मी सहज बघितलं आणि मला दिसलं, एका चक्राचा दात वाकला होता. मी तसं म्हणाले. त्यांच्यादेखत म्हणाले, ही माझी चूक नव्हे, मी दुकानात काम करते, मला दिसलं ते मी बोलले. ते गेल्यावर त्याने दाराला कडी लावली आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, खणातून बारीक पेचकस काढ. मी हात घातला. त्याने गुडघ्याने खण लावला. आणि लावून धरला. म्हणाला, "आता धर चिमटा."

दोन बोटं मोडली. दवाखान्यात मी सांगितलं, खण अडकला. औषधवाले काकांनी भिंतीपलीकडून माझा आवाज ऐकला होता. पट्टी बदलायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बाळ, खण असा अडकत नाही." त्यांच्याच बरोबर मी कोर्टात गेले. त्याआधीचं काही लिहीत नाही. आधीचं होतं एवढं समजून घ्या.

मला फार भीती वाटली होती, ताई. दुखण्याची नाही. हात गेला तर मी कोण उरणार, याची. इथे बंधुराज वगैरे म्हणवत नाही, तेवढं माफ करा.

आता हात बरा आहे. मधलं बोट थंडीत कुरकुर करतं आणि चिमटा मला थोडा तिरका धरावा लागतो. पण तिरका धरला की खालच्या स्क्रूपर्यंत पटकन पोचता येतं असा शोध लागलाय. कोणी विचारलं तर सांगते, ही आमची खास पद्धत.

बरं, आता पुढचं. गेल्या आठवड्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ रिक्षात मांडीवर घेऊन आल्या. तेच, पुलापलीकडे फुकट साफ झालं, ठोके मात्र याच दुकानात लावून घ्या म्हणे. मी त्यांच्यासमोरच मागच्या झाकणाला हात घातला. उघडलं. आत बाईंच्या घड्याळाला अजिबात न शोभणारा मजकूर: "हुकूम मागे घे. लगेच सही करतो. नाहीतर अशीच लटकत राहशील लंबकासारखी."

पहिल्यांदा झाकण परत लावून टाकावंसं वाटलं. खोटं कशाला सांगू? मग मी ते परत वाचलं आणि मला हसूच फुटलं. लंबक लटकतो म्हणून तर घड्याळ चालतं, एवढंही या घड्याळजीला कळू नये? मुख्याध्यापिका चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "काय झालं?" मी झाकण त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी सावकाश वाचलं आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे, संस्कार नाहीत. हे कुठे दाखवायचं असेल तर घड्याळ ठेवून घ्या. मला बोलावलंत तर मीही येईन."

त्याच दुपारी मी झाकण घेऊन वकीलबाईंकडे गेले आणि कारकुनाच्या घड्याळाचंही सांगितलं. त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "गोड निरोप असो की कडू, हुकुमाने दोन्हीला मनाई आहे. पुढच्या वेळी लगेच यायचं." मग भिंग लावून बराच वेळ झाकण बघत बसल्या. म्हणाल्या, "हा माणूस गुन्हा करतो आणि खाली तारीख घालतो?"

मी म्हटलं, त्याचा इलाज नाही. हात आपोआप जातो. बाबांनी लावलेली सवय आहे.

चिमटी


१२ मार्च

ताई,

तुमचं उत्तर नाही. माझं शेवटचं पत्र वाचून तुम्ही गप्प झाला असाल, किंवा अजून विचार करत असाल. मी आपली बातमी देते.

काल कोर्टात त्या झाकणाची तारीख होती. मी एका बाजूला, बंधुराज दुसऱ्या बाजूला, मधे पोलीस आणि वकिलांची अख्खी रांग. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, मुख्याध्यापिकांच्या पर्सकडे बघत बसले. मोठी पर्स आहे, त्यातून त्यांनी सुनावणीच्या मधेच मला रुमाल, पाणी आणि एक बिस्किट काढून दिलं. न्यायाधीशांनी बघितलं आणि पान उलटलं.

बंधुराजांच्या वकिलांनी ठणकावून सांगितलं, हे आमच्या अशिलाने कोरलेलं नाहीच. घड्याळ दहा हातांतून जातं, कोणीही कोरलं असेल, बाईंनी स्वतःसुद्धा. अक्षराच्या तपासणीला किती महिने जातात ते वकीलबाईंनी सांगून ठेवलं होतं.

पण वकीलबाई शांत. त्यांनी विचारलं, "ही खाली खूण आहे, आकडा आणि टिंब. ही कोणाची?" ते वकील म्हणाले, "आम्हाला काय माहीत?" मग वकीलबाईंनी आपल्या फायलीतून तो कागद काढला. आठवतोय का, ताई? हत्यारं मागताना बंधुराजांनी स्वतःच्या हाताने काढून, सही करून दिलेला. ज्यावर ही खूण, ते माझं. वकीलबाई म्हणाल्या, "साहेब, समोरच्या पक्षानेच लेखी दिलंय. ही खूण ज्यावर आहे ते त्यांचं. आम्ही ते मान्य करतो."

न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्याकडे ते डोळ्याला लावायचं भिंग आहे का?" होतं, पर्समध्ये नेहमी असतं. त्यांनी ते डोळ्याला लावलं, आधी कागद पाहिला, मग झाकण पाहिलं, मग तसंच भिंग लावलेल्या डोळ्याने बंधुराजांकडे पाहिलं. पोलीससुद्धा हसला. बंधुराज म्हणाले, "ती सवय आहे." म्हणजे कबुलीच झाली.

हुकूम वाढवून मिळाला. मोडल्याबद्दल त्यांच्यावर वेगळी कारवाई होईल, ती त्यांची ते बघतील. आणि न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितलं की हुकूम मागे घेण्याची अट कराराच्या कुठल्याही कागदावर दिसता कामा नये. बाहेर आल्यावर मी मुख्याध्यापिकांना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "सोडा आता, माझ्या घड्याळाचे ठोके लावा."

आनंद आहेच. पण खरं सांगते, हत्यारं अजून तशीच आहेत. ज्यावर खूण नाही अशी "लहान, बरेच" वाटल्याशिवाय करारावर सही होत नाही, आणि वाटणारी व्यक्ती अजूनही तुम्हीच आहात. दुसरं कोणी नेमायचं तर ते नाही म्हणणार आणि पुन्हा सहा महिने जिना चढायचा-उतरायचा. मला त्या मध्यस्थांच्या गुडघ्यांची काळजी वाटते.

मी आग्रह करणार नाही म्हणत होते. करतेय. या ना, ताई.

चिमटी

ता. क. पाकीट चिकटवतच होते तर तुमचं कार्ड आलं. "पुढच्या शनिवारी येते. माझ्या चहात साखर नको." मी कार्ड औषधवाले काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि बराच वेळ हवा खात उभे राहिले.


२ एप्रिल

ताई,

तुम्ही नीट पोचलात हे वाचून बरं वाटलं. तुम्ही स्वतः इथे होतात, तुम्हाला काय सांगायचं म्हणा. पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहिते.

तुम्ही दारात आलात आणि आत यायच्या आधी उंबऱ्यावरच थांबलात. कोर्टाचे कारकून यादी घेऊन बसलेच होते. मी चहा आणला, तुम्ही घोटभर घेऊन म्हणालात, "साखर घातलीस." घातली होती. लक्ष सगळं तुमच्याकडे होतं, डबा कोणता ते कळलं नाही.

मग तुम्ही बाबांच्या खुर्चीत बसलात. मला वाटलं होतं, तुम्ही मला विचाराल, हे कोणाचं, ते कोणाचं. तुम्ही एक शब्द विचारला नाहीत. चिमटा उचलायचा, अंगठ्याने टोकावरून हात फिरवायचा, बाजूला ठेवायचा. "हा बाबांचा, टोक त्यांनी घासलंय, डावीकडे जास्त. हा त्याचा." कारकुनांनी विचारलं, कशावरून? तुम्ही पेचकसाचा लाकडी दांडा त्यांच्यापुढे धरलात. दांड्यावर दातांचे वळ. "लहानपणी पेन्सिली चावायचा, मोठेपणी हत्यारं." कारकुनांनी ते तसंच्या तसं यादीत लिहिलं. करारात आता अधिकृतपणे "दातांचे वळ असलेले पेचकस" असा उल्लेख आहे आणि ते सगळे बंधुराजांना मिळालेत.

त्यांचं त्यांना तुम्ही पुरेपूर दिलंत. लेथ दिलंत, चांगली भिंगं दिलीत. मी तेव्हा मनात थोडी कुरकुरले होते, आता नाही. तुम्ही असं वाटलंत की त्यांना हरकत घ्यायला नखभर जागा उरली नाही.

आणि मग तुम्ही तो खण उघडलात. मी सांगितलं नव्हतं कोणता, पण तुम्हाला कळला. आतलं सगळं काढून टेबलावर ठेवलंत, आणि आपली बोटं कडेवर ठेवून खण हळूहळू पुढे लोटलात, बोटांना लागेपर्यंत. कारकून लिहायचे थांबले. मग म्हणालात, "टेबल हिच्याकडे. खण मात्र काढून टाक, चिमटे. इथे नुसती फळी ठोकून घे."

चिमटे म्हणालात. बाबा तसंच म्हणायचे. मी आत जाऊन साखरेचा डबा शोधत असल्याचं नाटक केलं.

काल सह्या झाल्या. मध्यस्थांनी या वेळी दोन्ही खोल्या तळमजल्यावर घेतल्या होत्या, वेगवेगळ्या दारांच्या. आनंदाने नुसते बागडत होते. म्हणाले, "बाई, अक्कल जरा उशिरा सुचली." मी सही केली, पेन ठेवलं आणि सरळ दुकानात येऊन मुख्याध्यापिकांच्या घड्याळाचे ठोके लावले. सुतार फळी ठोकून गेलाय. टेबल कसं मोकळं दिसतंय.

जाताना तुम्ही पिशवीतून ते स्वयंपाकघरातलं घड्याळ काढून ठेवलंत. माहेरचं आहे, लग्नात मागून घेतलं होतं, कित्येक वर्षं बंद आहे, भावाला कधी हात लावू दिला नाही, बघ जमलं तर. एवढं एका दमात बोलून तुम्ही रिक्षात बसलातसुद्धा. बघते. घाई करणार नाही.

चिमटी


१९ एप्रिल

ताई,

घड्याळ सोबत पाठवतेय. औषधवाले काकांनी खोक्यात इतका कापूस भरलाय की दवाखाना उघडता येईल.

भिंतीवर लावायच्या आधी मागचं झाकण उघडा. भिंगही ठेवलंय, बाबांचं, माझ्या वाटणीला आलेलं. ते परत पाठवू नका.

आत तुमची चिमणी आहे. तारीख बघून मी हिशेब केला, तुम्ही तेव्हा तेरा वर्षांच्या होता. बाबा घरी नसताना गुपचूप उघडून दुरुस्त केलं असणार आणि रीत म्हणून खूण कोरली असणार. मला कधी बोलला नाहीत. आणि मला वाटतं, त्यानंतर तुम्ही ते झाकण कधी उघडलंच नाहीत. कारण चिमणीच्या खाली बाबांचा त्रिकोण आहे.

मी तीनदा भिंग पुसून पाहिलं. त्रिकोणच आहे. त्यांनी ते उघडलं होतं, तुमचं काम तपासलं होतं आणि पास केलं होतं. मग तुम्हाला तसं सांगितलं का नाही, मला ठाऊक नाही, आणि त्यांची वकिली मी करणार नाही. मला त्यांचा राग आला. तुम्हालाही येईल. पण त्रिकोण आहे, आणि तो तुमचा आहे, एवढं तुमच्यापर्यंत पोचवायचं होतं.

काम तुम्ही चोख केलं होतं. कुठे काही बिघडलेलं नव्हतं, नुसतं तेल वाळलं होतं. पुसून, तेल घालून मी खाली माझी खूण केलीय, दोन रेघा. तिरक्या आल्यात, बोटामुळे. पण ही तपासणीची खूण नाही. तुमचं काम तपासणारी मी कोण? घड्याळ उघडलं होतं म्हणून केली.

टेबलापाशी आता दोन खुर्च्या ठेवल्यात. शनिवारची गाडी सकाळी येते आणि संध्याकाळी परत जाते, मी चौकशी केलीय. महिन्यातून एकदा जरी आलात तरी इथे साठलेलं काम पुष्कळ आहे, आणि मला खालचे स्क्रू जमतात, वरचे नाही.

काल कराराची शिक्क्याची प्रत मिळाली. खाली बसून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. घर, दुकान, टेबल, लेथ, पडदे, पडद्यांच्या दांड्या, दातांचे वळ असलेले पेचकस, सगळं कोणाचं ना कोणाचं करून टाकलंय. तुमचं नाव मात्र कुठल्याच यादीत नाही. ना त्यांच्या, ना माझ्या.

तेव्हा तुम्हाला मी ठेवून घेतेय. हरकत असेल तर शनिवारी येऊन सांगा. साखर घालणार नाही.

तुमची (आता कागदावर कोणीच नसलेली),
चिमटी